कोणतं दुःख लिहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी 22 वर्षांची आहे. सहा वर्षांची असताना आई-बाबा आणि दादाबरोबर अमेरिकेत आले, न्यू जर्सीत वाढले. येत्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलसाठी अर्ज करायचा आहे. एमकॅट ही प्रवेश परीक्षा झाली, गुण बरे आहेत. अडलंय ते निबंधावर. सगळे म्हणतात, आयुष्यातलं एखादं मोठं संकट लिहायलाच हवं, नाहीतर आपल्या मुलांचे अर्ज एकसारखे दिसतात. तीन वर्षांपूर्वी दादाला बायपोलर आजाराचं निदान झालं, दोनदा हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. त्या सेमिस्टरला मला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड मिळाली. मी स्वतःही काही महिने कॉलेजच्या समुपदेशकाकडे जात होते. पैसे भरून लावलेले सल्लागार म्हणतात, "हाच विषय घे, याहून दमदार काही नाही." आई म्हणते, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाचं लग्न व्हायचंय अजून." बाबा काही बोलत नाहीत. दादाला मी विचारलेलं नाही. लिहिलं तर दुःखाचं भांडवल केल्यासारखं वाटतं, नाही लिहिलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. आजी आमच्याकडे होती तेव्हा तिच्या डॉक्टरांकडे मीच दुभाषी म्हणून जायचे. 13 वर्षांची असताना एकदा डॉक्टर तिच्या किडनीबद्दल बोलले आणि मी तिला फक्त "गोड कमी खा म्हणतायत" एवढंच सांगितलं. पण ते काय, सगळ्यांच्याच घरात असतं. आजी आता कऱ्हाडला काकांकडे असते. मी काय करू?

प्रिय मुली,

तुझं पत्र मी वाचून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचताना दादाचा आजार दिसला. दुसऱ्यांदा आजी दिसली, अगदी शेवटी, दाराआड उभी असल्यासारखी. तिच्याकडे मी येणारच आहे. पण तू जिथे अडली आहेस तिथून सुरुवात करू.

"संकट कोणतं निवडू?" असं तू विचारतेस. हा प्रश्न अर्जात नेमका कुठे आहे, ते फॉर्म उघडून पाहिलंस का? बरीच मुलं ऐकीव गोष्टींवर महिनेच्या महिने झुरतात आणि फॉर्म मात्र शेवटी वाचतात, म्हणून आधी हे विचारते. अमेरिकेतल्या बहुतेक एम.डी. (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांचे अर्ज ॲमकास या एकाच सेवेतून जातात. त्यातला मुख्य निबंध 5,300 अक्षरांचा असतो, मधल्या मोकळ्या जागा धरून. म्हणजे जेमतेम दीड पान. त्याला विषय ठरवून दिलेला आहे: तुम्हाला मेडिकल स्कूलला का जायचंय ते सांगा. संकट हा शब्दही तिथे नाही.

संकटाची जागा वेगळी आहे. त्याच फॉर्ममध्ये 'अदर इम्पॅक्टफुल एक्स्पीरियन्सेस' नावाचा 1,325 अक्षरांचा भाग असतो, साधारण दोनशे शब्दांचा. पूर्वी तिथे 'तुम्ही स्वतःला वंचित समजता का' अशा धर्तीचा प्रश्न असे. मे 2023 मध्ये उघडलेल्या फॉर्मपासून तो बदलला. घरची परिस्थिती, पैसा, शिक्षण, आसपासचा समाज यांमुळे वाट अवघड झाली असेल तर ते इथे सांगायचं. काही अर्जदारांकडे असं काही नसेल, काहींना खासगी गोष्ट सांगावीशी वाटणार नाही, हेही त्या प्रश्नासोबतच मान्य केलेलं आहे. तिथे 'नाही' म्हणता येतं. त्यानंतर उन्हाळ्यात कॉलेजं आपापल्या सेकंडरी, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या, निबंधांचे प्रश्न पाठवतात आणि 'एखादा अवघड प्रसंग आणि तू तो कसा हाताळलास' हा प्रश्न त्यांत पुष्कळदा असतो. शिवाय कामं आणि उपक्रमांच्या 15 नोंदी आहेत, प्रत्येकी 700 अक्षरांच्या. त्यांतल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या नोंदींना आणखी 1,325 अक्षरं मिळतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की तू एकाच दुःखावर अख्खा अर्ज उभा करायला निघाली होतीस आणि त्याची गरजच नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओसरी वेगळी, माजघर वेगळं. कोणाला कुठवर येऊ द्यायचं हे घरचे लोक ठरवत. या अर्जातही तसंच आहे. कोणती गोष्ट कुठे सांगायची, किती सांगायची आणि कोणती आतच ठेवायची, हे तुझ्या हातात आहे.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिथे डॉक्टर व्हायला निबंध लागत नाही. लातूरला किंवा पुण्याला क्लास लावून बसलेल्या तुझ्या एखाद्या मावसभावाला नीटमध्ये 720 पैकी किती मिळतात, यावर सगळं ठरतं. तुझ्या घरी काय झालं, हे तिथे कुणी विचारत नाही. तुझे आई-बाबा त्याच हवेत वाढले आणि आपल्यासारखी कितीतरी घरं तो हिशेब बरोबर घेऊनच इथे आली. त्यामुळे निबंध समोर आला की तोही एक पेपर वाटायला लागतो. मग दुःखालाही गुण असणार, मोठ्या दुःखाला जास्त आणि छोट्याला कमी, असं नकळत धरून चाललं जातं. हॉस्पिटल, आत्महत्येचा विचार, मृत्यू हे वरच्या श्रेणीत आणि आजीबरोबर दवाखान्यात जाणं तळाला.

असा तक्ता वाचणाऱ्यांकडे नसतो. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं भावी विद्यार्थ्यांत कोणते गुण असावेत याची यादी केलेली आहे. कठीण काळात टिकून राहणं आणि परिस्थितीशी जुळवून घेणं हा त्यातला एक गुण. सहवेदना, जबाबदारी, नैतिक वागणूक हेही त्यात आहेत. संकटाचा प्रश्न येतो तो इथून. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या, तिसऱ्या रात्री, एक रुग्ण डोळ्यांदेखत दगावलेला असताना, ही मुलगी उरलेल्या रुग्णांपर्यंत पोहोचेल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. संकट किती मोठं होतं यावरून ते कळत नाही. संकट आल्यावर ती काय करत होती यावरून थोडंफार कळतं.

'आपल्या मुलांचे अर्ज एकसारखे दिसतात' ही भीतीही तुझ्या पत्रात आहे. 29 जून 2023 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली, तेव्हापासून ती घराघरांत वाढलेली दिसते. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं लिहायला हरकत नाही, फक्त त्याचा संबंध त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या धैर्याशी, निश्चयाशी, कुवतीशी जोडलेला हवा. म्हणजे घूमफिरून तेच: तू कोण आहेस. अर्ज एकसारखे दिसतात ते दुःख कमी असल्यामुळे नाही. माणसं 'मी' कुठे आहे ते लिहायला विसरतात, म्हणून ते तसे दिसतात.

आता दादाबद्दल.

रविवारच्या मराठी शाळेत गेली असशील तर कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द कानावरून गेले असतील. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी मसुदा घेऊन प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायला लावते. ही काही व्याकरणाची परीक्षा नाही. गोष्ट कुणाची आहे, हे कर्त्यावरून कळतं. तुझ्या पत्रालाच ही पट्टी लावून बघ. दादाला निदान झालं. दादाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. सल्लागार म्हणाले. आई म्हणाली. बाबा बोलले नाहीत. त्या तीन वर्षांत तू स्वतः काय केलंस, याबद्दल एकच वाक्य आहे: मी समुपदेशकाकडे जात होते. हा दोष म्हणून सांगत नाही. घरात कुणी असं आजारी पडलं की घराचा केंद्रबिंदूच त्या माणसाकडे सरकतो, बाकीचे आपण आहोत हेही विसरतात. भावंडं तर फारच. पण निबंधात ते तसंच उतरलं, तर वाचणाऱ्याला दादा कळेल आणि तू कळणार नाहीस. अर्ज तर तुझा आहे.

आणि दादाचा आजार ही दादाची गोष्ट आहे. अर्जावर तुझं आडनाव असणार, 'माझा मोठा भाऊ' म्हटलं की तो ओळखू येतो. प्रवेश समितीत डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, कित्येक ठिकाणी शिकणारे विद्यार्थीही असतात. ही माणसं गोपनीयता पाळतात, तरी अनोळखी माणसांपुढे दादाची कागदपत्रं उघडायची की नाही, हे ठरवणारी तू एकटी नाहीस. तू ज्या पेशात निघाली आहेस तिथे दुसऱ्याचा आजार जपून ठेवणं हा पहिल्या दिवसाचा धडा आहे. माझ्या मनात तर अर्ज वाचणाऱ्या डॉक्टरची शंकाही येते: ही मुलगी भावाला न विचारता हे लिहिते आहे का?

म्हणून विचार त्याला. मेसेजवर नको, आई समोर असताना नको, आणि फॉर्म पाठवायच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. बाहेर चालायला जा दोघं. सांग की असा असा भाग आहे, मला माझ्या बाजूचं थोडं लिहावंसं वाटतंय, तू नको म्हणालास तर मी लिहिणार नाही आणि का नको ते विचारणारही नाही. लिहिलेलं त्याला वाचायला दे, आठवडाभर त्याच्याकडे राहू दे. त्यानं "तुला हवं तसं कर" असं खांदे उडवून म्हटलं, तर ते 'हो' समजू नकोस. बहिणीचं नुकसान नको म्हणून आजारी भाऊ पटकन मान डोलावतात, हे मी पाहिलेलं आहे. शंका वाटली तर उत्तर 'नाही' समज.

आईचं म्हणणंही मला मागासलेपणाचं वाटत नाही. झाकली मूठ म्हणताना ती मुलाचं उद्याचं आयुष्य सांभाळते आहे आणि मंडळाच्या गणपतीत कोण काय कुजबुजेल याची तिला बरोबर कल्पना आहे. फक्त एका ठिकाणी मी तिच्याशी बोलले असते. मूठ झाकलेली ठेवणं वेगळं आणि दादाच्या आजाराची लाज वाटणं वेगळं. दादाचं दादानं ठरवावं, एवढंच. हे कधीतरी तिला सांग, निबंधासाठी नव्हे, दादासाठी.

समजा तो मनापासून हो म्हणाला. तरी मी तुला हॉस्पिटलची रात्र लिही असं म्हणणार नाही. निदानाचं नावही पुष्कळदा लागत नाही. 1,325 अक्षरांत तू दर शुक्रवारी बस पकडून घरी जात होतीस का, आईला इन्शुरन्सची पत्रं समजावत होतीस का, कोणती गोष्ट सोडून दिलीस आणि कोणती धरून ठेवलीस, हे लिही. सल्लागारांना विषय दमदार वाटला असेल, पण दम विषयात नसतो, या बारीक तपशिलांत असतो, आणि ते त्यांना माहीत असण्याचं कारणच नाही.

तुझ्या स्वतःच्या समुपदेशनाबद्दल तू अर्धी ओळ लिहून पुढे गेलीस. मदत मागायला गेलीस, फार चांगलं केलंस. ते लिहायचं का, यावर मी ठाम हो किंवा ठाम नाही म्हणणार नाही. प्रवेशाआधी आजाराबद्दल आणि अपंगत्वाबद्दल चौकशी करायला इथला कायदा कॉलेजांना मनाई करतो. पण तू स्वतः लिहिलंस तर वाचणारा ते वाचणारच, आणि डॉक्टरांच्या जगात मानसिक आजाराबद्दलचा संकोच अजून गेलेला नाही. एप्रिल 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी कोविडच्या पहिल्या लाटेत आयुष्य संपवलं. मदत घेतली तर डॉक्टरकीच जाईल ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. मार्च 2022 मध्ये त्यांच्या नावानं कायदा झाला, अनेक राज्यांत डॉक्टरांच्या लायसन्सच्या फॉर्मवरचे प्रश्नही बदलत आहेत. वारं फिरतंय, पण ते सगळीकडे पोहोचलेलं नाही. तुझ्या जागी माझी मुलगी असती, तर मी म्हटलं असतं: जे आज चालू आहे ते लिहू नकोस, जे मागे पडलंय आणि ज्यातून तुझी एखादी सवय तयार झाली तेवढंच लिही, आणि नाही लिहिलंस तरी खोटं बोललीस असं होत नाही.

त्या 'सी'साठी मात्र मुख्य निबंध अजिबात खर्चू नकोस. अनेक सेकंडरींत 'आणखी काही सांगायचंय का' किंवा 'गुणांबद्दल खुलासा' असा चौकोन असतो. तिथे तीन वाक्यं पुरतात. त्या सेमिस्टरला कुटुंबातल्या जवळच्या माणसाच्या आजारपणामुळे दर आठवड्याला घरी जावं लागत होतं. नंतरच्या सेमिस्टरला मी अमुक विषय घेतले आणि अमुक गुण मिळाले. यापुढे अशी वेळ आली तर आधी प्राध्यापकांशी बोलायचं, हे मी शिकले. आजाराचं नाव नाही, माफी नाही.

आता आजी.

तुझ्या पत्रात तू स्वतः ठरवून काही केल्याचं दुसरं वाक्य हे आहे: मी तिला फक्त "गोड कमी खा म्हणतायत" एवढंच सांगितलं. आणि त्याला लागूनच: ते काय, सगळ्यांच्याच घरात असतं. हो, असतं. म्हणूनच मला ते इतकं महत्त्वाचं वाटतं.

आपल्या आज्या डॉक्टरांपुढे कशा बोलतात, आठव. "अंगात कणकण आहे." "जीव घाबरा होतो." "पोटात कालवतं." "पायाला मुंग्या येतात, पण काही नाही गं, वयाचं आहे." यातलं 'कणकण' 13 वर्षांच्या मुलीनं इंग्रजीत कसं सांगायचं? ताप म्हटलं तर डॉक्टर थर्मामीटर बघणार आणि तो नॉर्मल येणार. थकवा म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं. आणि उलट बाजूनं डॉक्टरांचा शब्द मराठीत आणायचा, तोही ज्या बाईनं तुला मांडीवर घेऊन भरवलं तिच्या तोंडाकडे बघत. तू तिला अर्धंच सांगितलंस. मला वाटतं तू घाबरली होतीस, तिलाही घाबरवायचं नव्हतं. घरातली मोठी माणसंही असंच करतात. 'तिला सांगू नका, खचेल,' हे आपण किती दवाखान्यांच्या बाहेर ऐकलेलं आहे.

पण अर्धवट भाषांतराचीही किंमत असते. किडनीचा त्रास असलेल्या माणसाला गुडघेदुखीच्या साध्या गोळ्याही मनानं घेता येत नाहीत. असं काही त्या दिवशी राहून गेलं असेल का, हा विचार तुझ्या मनात येऊन गेला असेल, नाहीतर नऊ वर्षांनंतर ते वाक्य पत्रात आलंच नसतं. आधी एक स्पष्ट सांगते: तो भार तुझा नव्हता. इथल्या आरोग्य खात्याच्या 2016 पासूनच्या नियमांनुसार, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना आणीबाणी सोडून अल्पवयीन मुलांवर दुभाषी म्हणून विसंबता येत नाही. दुभाषी देणं हे त्यांचं काम, तेही रुग्णाकडून पैसे न घेता. वैद्यकीय दुभाष्यांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राला किमान 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. तू एक तासही शिकलेली नव्हतीस. तिथल्या मोठ्या माणसांनी ते तुझ्यावर सोपवलं, आणि तुझ्या आई-बाबांना दुसरी सोय असते हेच बहुधा ठाऊक नव्हतं.

हे सगळं बाजूला ठेवून पुन्हा फॉर्ममधल्या मुख्य प्रश्नाकडे ये. तुला डॉक्टर का व्हायचंय? आजाराचं खरं नाव एका माणसाकडून दुसऱ्या माणसापर्यंत नेताना काय काय सांडतं, हे तू 13 व्या वर्षी स्वतःच्या तोंडून अनुभवलेलं आहेस. तू चुकलीस, आणि ती चूक विसरली नाहीस. मेडिकलला जाणाऱ्या फार थोड्या मुलांकडे इतकी स्वच्छ, स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट असते. इथे दुःखाचं भांडवल होत नाही, कारण इथे विकायला काही नाही. उलट कबूल करायला आहे. यात आजीचाही खासगी भाग आहे, तिलाही विचारायला हवंच. पण ही गोष्ट सांगताना कर्ता तूच राहतेस.

एक मात्र जप. 'यातून मला संवादाचं महत्त्व कळलं' असं वाक्य लिहून मोकळी होऊ नकोस. हे वाक्य मी इतक्या मसुद्यांत वाचलंय की डोळा त्यावर थांबतच नाही. त्यानंतर तू काय वेगळं वागलीस ते लिही. पुढच्या भेटीला वही नेलीस का? कुठे स्वयंसेवक असताना एखाद्या रुग्णासाठी दुभाषी मागून घेतलास का? 'मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगा' असं डॉक्टरांना म्हणायला शिकलीस का? असं काही आठवत नसेल, तर ते घडवायला अजून काही महिने आहेत. मराठी, हिंदी येणाऱ्या स्वयंसेवकांची अनेक दवाखान्यांना गरज असते. अर्जासाठी म्हणून नको करूस. करता करता कळेल, हे काम तुला खरंच बोलावतंय का.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं लिहिते, कारण असेच प्रश्न बऱ्याच जणांचे येतात. ज्यांच्या आयुष्यात मोठं संकट आलंच नाही, त्यांनी ऐच्छिक भागात 'नाही' म्हणावं आणि निवांत झोपावं. सेकंडरीत विचारलंच तर लॅबमध्ये वर्षभर फसलेला प्रयोग, मित्राशी झालेला आणि मिटवलेला वाद, असं साधं पण खरं काही चालतं. नसलेलं दुःख रचू नका. वडिलांची नोकरी गेली आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर मिळणाऱ्या 60 दिवसांच्या मुदतीत घर उचलायची वेळ आली, अशी गोष्ट ज्यांच्या घरात घडली आहे, त्यांनी ती 'व्हिसा' या एका शब्दात गुंडाळू नये. वाचणाऱ्याला ते 60 दिवस माहीत नसतात. कोणत्या दिवशी शाळेत काय सांगितलंत, खोके कोणी भरले, ते लिहा. ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय, त्यांनी थांबावं. लिहून ठेवा, पण पाठवू नका. अनेक कॉलेजांत मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा निबंध आधी वाचलेला असतो, आणि त्यानं सहज विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत तुमचा आवाज टिकायला हवा. डोळे भरून आले तर बिघडत नाही. उत्तरच देता आलं नाही, तर मात्र ती गोष्ट अजून तुमच्यापाशीच राहायला हवी. ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे, त्यांच्यावर तो सांगण्याचं कोणतंही बंधन नाही, कुणीही कितीही 'दमदार' म्हटलं तरी.

पुण्या-मुंबईहून एमबीबीएस करून इथल्या रेसिडेन्सीला अर्ज करणाऱ्या डॉक्टरांनाही हे लागू पडतं. इरास या रेसिडेन्सीच्या अर्जसेवेच्या फॉर्ममध्ये दहा अनुभव, त्यांतले तीन महत्त्वाचे, आणि वाटेतल्या अडचणींसाठी वेगळी ऐच्छिक जागा असते. सांगण्यासारखं काही असेल तर नीटच्या सवयीनं तो भाग रिकामा सोडू नका, आणि सल्लागाराच्या सांगण्यावरून भडकही करू नका. लिखाण तुमचं स्वतःचं असावं, असं ॲमकासला अर्जदाराकडून लेखी हवं असतं. दुसऱ्याकडून तपासून घेणं चालतं. दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतलेलं दुःख मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आता तू या आठवड्यात काय करशील ते सांगते. तीन कोरे कागद घे. एकावर दादा, एकावर तू आणि ते समुपदेशनाचे महिने, एकावर आजी. मराठीत लिही, निदान जिथे मराठी आठवेल तिथे. आजीचे शब्द इंग्रजीत सुचणार नाहीत. कुणाला दाखवू नकोस, सल्लागारांना तर नकोच. मग दोन रंगांची पेनं घेऊन एकानं 'मला जे झालं' आणि दुसऱ्यानं 'मी जे केलं' ते अधोरेखित कर. ज्या कागदावर दुसरा रंग जास्त असेल, तो पुढे ने. माझा अंदाज मी सांगितला आहे, पण रंग वेगळा निघाला तर माझं ऐकू नकोस. फॉर्म मे महिन्यात उघडतो आणि महिनाअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो. तोवर चार मसुदे सहज होतील.

आणि मसुद्याच्या आधी एक फोन. तुझ्याकडे रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजले की कऱ्हाडात सकाळ झालेली असते, आजीचा चहा झालेला असतो. तिला विचार, त्या डॉक्टरांकडचं काय आठवतं. तू तिला काय सांगितलं नव्हतंस ते आता सांग, किडनी हा शब्द उच्चारून सांग. कदाचित ती म्हणेल, "मला तेव्हाच कळलं होतं गं, तुझ्या तोंडाकडे बघून." कदाचित तिला काहीच आठवणार नाही. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लगेच वहीत उतरवून ठेव, आणि हे मी लिहिलं तर चालेल का, हेही त्याच फोनवर विचारून घे.